मानेला हिसका बसला? डॉक्टरकडे जाण्यापूर्वी एवढे करा

द्वारका चौकात सिग्नलला गाडी उभी असावी, मागून एखाद्या टेम्पोचा धक्का बसावा, दोघांनी खाली उतरून बंपर पाहावा, चार शब्द बोलावेत आणि आपापल्या वाटेला लागावे, हा प्रसंग नाशिककरांना नवा नाही. बंपरची पाहणी नीट होते, मानेची कोणी करीत नाही. त्या वेळी मान दुखतही नसते. रात्री जेवताना थोडी अवघडल्यासारखी वाटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून डोके उचलायला जावे तर हाताचा आधार द्यावा लागतो. मग घरात कोणी म्हणते उशी बदला, कोणी म्हणते वारा लागला. कालच्या धक्क्याची आठवण कोणालाच होत नाही.

या दुखापतीला वैद्यकात ‘व्हिपलॅश’ म्हणतात. व्हिप म्हणजे चाबूक. चाबूक फटकारला की त्याचे टोक जसे मागे जाऊन झटक्याने पुढे येते, तसे मानेचे होते. हॅरोल्ड क्रो या अमेरिकन अस्थिरोगतज्ज्ञाने १९२८ मध्ये हा शब्द प्रथम वापरला, असे मानले जाते. आपल्या डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो असते आणि ते सात लहान मण्यांच्या मानेवर तोललेले असते. मागून धक्का बसला की सीट आपल्या धडाला पुढे ढकलते, डोके मात्र जागच्या जागी राहू पाहते. त्यामुळे क्षणभर मानेचा खालचा भाग मागे आणि वरचा भाग पुढे वाकतो, मग डोके मागे फेकले जाते आणि लगेच पुढे येते. हे सारे अर्ध्या सेकंदाच्या आत उरकते. मान आवळून धरायला स्नायूंना वेळच मिळत नाही. मण्यांना जोडणारे बंध, मण्यांमागचे लहान सांधे आणि स्नायू ताणले जातात. त्यांना सूज यायला काही तास लागतात, म्हणून दुखणे उशिरा, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होते.

मोटारवाल्यांचाच हा आजार, असे समजू नये. पंचवटीत माझ्याकडे या तक्रारीने येणाऱ्यांत दुचाकीवर मागे बसलेल्या बायका पुष्कळ असतात. एका बाजूला पाय टाकून बसलेले, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने पदर सावरलेला, आणि पुढे गतिरोधक आलेला चालवणाऱ्याला दिसलेलाच नाही. एसटीच्या शेवटच्या बाकावर डुलकी लागलेली असताना खड्ड्यात आदळलेले प्रवासीही असतात. हिसका तोच, फक्त त्याला अपघात म्हणायचे आपल्या मनात येत नाही.

आधी हे पाहा

तयारी करून जाण्याचा सल्ला देण्यापूर्वी, तयारी करत बसू नये असे प्रसंग सांगणे भाग आहे. हातापायांत मुंग्या येत असतील, हात किंवा पाय कमजोर वाटत असेल, हातातली वस्तू निसटत असेल, चालताना तोल जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल, वारंवार उलटी, वाढती गुंगी, एकाएकी उठलेली तीव्र डोकेदुखी, एकाचे दोन दिसणे, बोलणे अडखळणे, यांतले काहीही असेल, तर चिठ्ठी-कागद शोधू नयेत. सरळ रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे, तिला बोलवावे. मानेच्या बरोबर मध्यभागी, मणक्यावरच दुखत असेल तर रुग्णाला रिक्षात कोंबून नेऊ नये.

कॅनडातील डॉक्टरांनी २००१ मध्ये अपघातानंतर मानेचा एक्स-रे कोणाचा काढावा याचा एक नियम प्रसिद्ध केला. आता जगभर तो वापरला जातो. वय ६५ किंवा अधिक असेल, हातापायांत मुंग्या असतील, किंवा अपघाताचा प्रकारच धोक्याचा असेल, जसे तीन फुटांवरून पडणे, डोक्यावर आदळणे, गाडी उलटणे, तर तपासणी केलीच पाहिजे. उरलेल्यांपैकी ज्यांना साधा धक्का बसला, जे चालत आले आणि ज्यांना मान दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत वळवता येते, अशांना बहुधा एक्स-रेची गरज नसते. मात्र ही वळवून पाहण्याची परीक्षा डॉक्टरांनीच घ्यायची आहे. घरी आरशासमोर उभे राहून मान फिरवून पाहू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. केस कापून झाल्यावर मान दोन्ही बाजूंना कडकड मोडून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. एरवीही मी ती करू देऊ नका असेच सांगतो, पण हिसका बसलेल्या मानेला तर ती मुळीच करू देऊ नये. मणक्यांच्या बाजूने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडून अर्धांगवायू झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. जोरदार मालीश आणि ओळखीच्या कोणाकडून मान ‘बसवून घेणे’ यांनाही हेच लागू आहे.

दोन मिनिटांत काय सांगाल?

आता राहिले ते बहुसंख्य रुग्ण, ज्यांची मान दुखते, पण वरीलपैकी काही नाही. त्यांनी डॉक्टरकडे जाताना काय तयारी करावी? आणि तयारी कशाला, डॉक्टर आहेतच की, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. २०१७ मध्ये अनेक देशांतील डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतात याची माहिती एकत्र करून प्रसिद्ध झाली. तीत भारताचा आकडा सुमारे दोन मिनिटांचा होता. गर्दीच्या दिवशी माझ्या दवाखान्यातही चित्र फार वेगळे नसते. या दोन मिनिटांतला बराच वेळ “कधीपासून दुखते?”, “झाले बरेच दिवस” यात जातो. शिवाय व्हिपलॅशचे निदान मुख्यतः हकिकतीवरून होते. ताणलेले बंध एक्स-रेत दिसत नाहीत. तुम्ही सांगितले नाही, तर ते कोणत्याही फोटोत दिसणार नाही.

तेव्हा घरीच वहीचे एक पान घ्यावे. वर अपघाताची तारीख आणि वेळ लिहावी. धक्का मागून बसला, बाजूने की समोरून? आपण कोठे बसलो होतो? पट्टा लावला होता का, सीटला डोके टेकायची उशी होती का? धक्का बसला त्या क्षणी मान सरळ होती की वळलेली? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, परंतु मागे बसलेल्या मुलाशी बोलायला मान वळवलेली असताना बसलेला हिसका सरळ मानेपेक्षा अधिक इजा करतो. डोके कशावर आपटले का? थोडा वेळ काही आठवत नाही, असे आहे का? उतरून चालता आले का? आणि दुखणे लगेच सुरू झाले की काही तासांनी? एवढे लिहून झाले की अर्धे काम झाले.

यानंतर दुखणे कसे आहे हे लिहावे, आणि येथे मला थोडे थांबायचे आहे. बहुतेक रुग्ण “डॉक्टर, नस दबली आहे” असे म्हणत आत येतात. हा निष्कर्ष झाला, लक्षण नव्हे. तो शेजाऱ्याने किंवा मोबाइलने काढून दिलेला असतो. निष्कर्ष डॉक्टरांना काढू द्यावा, आपण आपल्याला काय होते तेवढेच सांगावे. त्यासाठी आपल्या मराठीत जेवढे शब्द आहेत तेवढे पुस्तकी वैद्यकातही नसतील. मान आखडली आहे की ठणकते आहे? रग लागते, की कळ येते? वळताना चमक निघते का? ही चमक मानेतच राहते, की खांद्यावरून दंडात, कोपराखाली, बोटापर्यंत उतरते? बोटात मुंग्या येतात, की बोट बधिर होते, की आग होते? आखडणे आणि रग बहुधा स्नायूंची असते. कोपराखाली उतरणारी चमक आणि ठरावीक बोटांतल्या मुंग्या मज्जातंतूकडे बोट दाखवतात. कोणते बोट तेही पाहावे, कारण अंगठ्याकडचा तंतू वेगळ्या मणक्यातून येतो आणि करंगळीकडचा वेगळ्या. ‘हाताला मुंग्या येतात’ यापेक्षा ‘उजव्या अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटाला येतात’ हे वाक्य डॉक्टरांना दहापट उपयोगी पडते.

‘चक्कर’ या शब्दाने तर आम्हा डॉक्टरांना फार छळले आहे. कोणाला घर फिरल्यासारखे वाटते, कोणाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, कोणाचा चालताना तोल जातो, तर कोणाला नुसते गळून गेल्यासारखे होते. सारेच ‘चक्कर’ म्हणतात, पण कारणे निराळी आणि उपायही निराळे. यांतले आपले कोणते, ते उलगडून सांगावे.

दुखणे किती, हे सांगायला दहापैकी गुण देण्याची पद्धत आहे. आमच्या जुन्या रुग्णांना आण्यांचा हिशेब सोपा जातो. “काल सोळा आणे होते, आज दहा आणे आहे” असे कोणी म्हणाले की मला लगेच कळते. कोणताही हिशेब चालेल, पण रोज एकाच वेळी पाहून लिहावा. सुरुवातीला दुखणे फार तीव्र असेल तर बरे व्हायला वेळ लागण्याचा संभव अधिक असतो, म्हणून हा पहिला आकडा महत्त्वाचा.

त्यापुढे कोणती कामे अडतात हे लिहावे. “मान वळत नाही” यावरून फारसे कळत नाही. गाडी मागे घेताना वळून पाहता येते का, वेणी घालताना हात वर राहतो का, दोरीवर कपडे वाळत घालता येतात का, काळारामाच्या देवळात कळसाकडे पाहून नमस्कार करता येतो का, रात्री कूस बदलताना जाग येते का, यावरून कळते. पुढच्या भेटीत सुधारणा मोजायलाही हीच मापे उपयोगी पडतात.

बोलायचे कोणी?

सोबत माणूस जरूर न्यावा, पण बोलावे रुग्णानेच. दुचाकीवरून जाताना हिसका बसलेल्या एका तरुण बाईंना त्यांचे यजमान माझ्याकडे घेऊन आले होते. मी काही विचारले की उत्तर यजमानांचेच. “विशेष नाही डॉक्टर, जरा मान दुखते, गोळ्या द्या.” तपासणीच्या टेबलावर मी बाईंना, “तुम्ही सांगा ताई,” म्हटले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “चार दिवसांत दोन कप फुटले हातातून. सासूबाई म्हणतात लक्ष नसतं कामात.” डाव्या हाताची पकड तपासली तर ती खरोखरच कमी झालेली होती. त्याच दिवशी त्यांना पुढच्या तपासणीला पाठवले. मानेतली चकती सरकून मज्जातंतूवर दाब आला होता. उपचार वेळेवर सुरू झाले. फुटलेल्या कपांची गोष्ट त्या घरात चेष्टेचा विषय झाली होती. दवाखान्यात तीच सर्वांत महत्त्वाची माहिती ठरली.

दुसरी अडचण मुद्दाम लपवण्याची असते. भाजीबाजारात माल वाहणारा एक टेम्पोचालक आला, “मान धरली डॉक्टरसाहेब, एक इंजेक्शन मारा, संध्याकाळी पुन्हा खेप आहे.” काही लागले का, आपटले का, तर नाही. तीनदा विचारल्यावर निघाले, की चार दिवसांपूर्वी महामार्गावर मागून ट्रकने ठोकले होते. मालकाला कळले तर गाडी काढून घेईल, म्हणून घरीही सांगितले नव्हते. त्याची भीती खोटी नव्हती. हातावर पोट असलेल्या माणसाला आठ दिवस घरी बसा म्हणणे सोपे, बसणे अवघड. परंतु डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट मालकाच्या कानावर घालण्याचा डॉक्टरांना अधिकार नाही. आणि मान वळत नसताना टेम्पो मागे घेणे हे त्याच्याइतकेच मागून येणाऱ्या सायकलवाल्याच्या जिवाशी खेळणे आहे. त्याला पूर्ण घरी बसवण्याऐवजी काही दिवस दुसऱ्याने चालवायचे आणि याने सोबत बसून हिशेब पाहायचा, असा मार्ग निघाला. आपले काम कोणते, ते किती दिवस टाळता येईल, हेही त्या पानावर लिहून आणावे ते याचसाठी.

जुने कागद, गोळ्या आणि इतर

मधुमेह, रक्तदाब, आमवात, हाडे ठिसूळ होण्याचा विकार, मानेचे जुने दुखणे, यांपैकी काही असल्यास सांगावे. जुना एक्स-रे असेल तर घेऊन जावा. चाळिशीनंतर पुष्कळांच्या मणक्यांत झीज दिसते आणि त्यांतल्या अनेकांची मान कधीच दुखलेली नसते. ‘तुम्हाला स्पॉन्डिलायटिस आहे’ असे ऐकून घाबरण्याआधी ही झीज अपघातापूर्वीही होती का, हे जुन्या फोटोवरून कळते.

औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाकावीत. ‘लाल गोळी, पांढरी गोळी’ यावरून काही समजत नाही. दुखण्यावरच्या अनेक गोळ्या आम्लपित्त वाढवतात, रक्तदाबावर आणि मूत्रपिंडावर परिणाम करतात. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर ही गोष्ट आधी सांगावी. कारण अशा रुग्णाचे डोके हलकेच आपटले असले तरी डॉक्टर अधिक सावध राहतात. गर्भवती स्त्रियांनी एक्स-रेपूर्वी आणि गोळीपूर्वी तसे सांगावे.

समोरून बटणे असलेले कपडे घालावेत. डोक्यावरून काढायचा सदरा अशा वेळी शिक्षाच ठरतो. दवाखान्यात स्वतः दुचाकी चालवत जाऊ नये.

रस्ता अपघात असेल तर कागदपत्रांचाही विचार करावा. आधी पोलिसांत जा, मग उपचार, असे डॉक्टरांना म्हणता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले आहे. रस्ता अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये रोकडविरहित उपचारांची योजना लागू केली. नेमून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार तीत येतो. नुकसानभरपाईचा दावा करायचा असो वा नसो, पहिल्या भेटीतच अपघाताची तारीख आणि प्रकार डॉक्टरांच्या कागदावर लिहिला गेला आहे ना, हे पाहावे. दोन महिन्यांनी तशी नोंद मागायला आलेल्यांना आम्ही ती देऊ शकत नाही.

या नोंदीला आणखी एक अर्थ आहे. आगगाडीच्या धक्क्यांनंतर पाठ-मान दुखणाऱ्या प्रवाशांवर लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिकसन यांनी १८६६ मध्ये पुस्तक लिहिले. बाहेरून जखम नसलेल्या या लोकांचे दुखणे खरे की भरपाईसाठी केलेले सोंग, यावर तेव्हा मोठा वाद झाला. दीडशे वर्षे उलटली तरी तो संशय गेलेला नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, मग कण्हतेस कशाला?’ हे वाक्य मी दवाखान्यात कितीतरी वेळा ऐकले आहे. एक्स-रे नॉर्मल याचा अर्थ हाड मोडलेले नाही, एवढाच. दुखणे नाही, असा नाही. अपघातानंतर झोप न लागणे, गाडीत बसायची धास्ती, चिडचिड, हेही दुखण्याचाच भाग असू शकते. तेही लाजेने मनात ठेवू नये.

डॉक्टरांना काय विचारावे

पानाच्या मागच्या बाजूला आपले प्रश्न लिहावेत, तीन-चार पुरेत. हाडाला इजा नाही ना? एक्स-रे किंवा एमआरआय हवा असेल तर कशासाठी, आणि नको असेल तर का नको? एमआरआय केला नाही म्हणून डॉक्टरांनी हयगय केली असे समजू नये. मज्जातंतूवर दाबाची लक्षणे नसतील तर सुरुवातीला त्यातून उपचार बदलत नाही.

कॉलरविषयी अवश्य विचारावे. औषधाच्या दुकानातून कॉलर आणून महिना-महिना लावणारे लोक आहेत. हाड मोडलेले नसेल तर आता असे दिसून आले आहे की मान फार दिवस बांधून ठेवल्याने ती अधिक आखडते. दुखणे सोसवेल एवढी हालचाल लवकर सुरू करणाऱ्यांना बरे लवकर वाटते. कोणती हालचाल, दिवसातून किती वेळा, हे डॉक्टरांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून समोर करून दाखवून घ्यावे. ‘विश्रांती घ्या’ याचा अर्थही विचारून घ्यावा. बहुतेकदा तो अंथरुणाला खिळणे असा नसतो.

शेवटी, पुन्हा कधी यायचे ते विचारावे. बहुतेक रुग्णांना काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत आराम पडतो. काहींचे दुखणे रेंगाळते. दोन-तीन आठवड्यांत आण्यांचा हिशेब खाली येत नसेल तर तेच पान घेऊन परत यावे, नवीन डॉक्टर शोधून पहिल्यापासून सुरुवात करू नये. मुंग्या किंवा कमजोरी नव्याने सुरू झाली तर मात्र तारखेची वाट पाहू नये.

पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाणारे पासधारक हटकून विचारतात, की प्रवास केव्हा सुरू करू? मान दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी वळू लागली आणि गोळीशिवाय तासभर बसता येऊ लागले, की करावा. खिडकीला डोके टेकून झोपू नये. गळ्याभोवती जाड टॉवेलची गुंडाळी ठेवावी, कसारा येईपर्यंत एकदा उठून उभे राहावे, आणि जेवणाचा डबा असलेली जड पिशवी दुखऱ्या खांद्यावर अडकवू नये.